टाकोच्या पंगतीसाठी घेतलेला काळ्या दगडाचा खल: पावसाळ्यापासून थंडीपर्यंतचा अनुभव

आधीच सांगते, हा खल घेतला म्हणून मिक्सर माळ्यावर टाकायची वेळ येणार नाही. रोजचं वाटण, ओल्या नारळाची चटणी, डोशाचं पीठ यातलं काहीही मी खलात करत नाही आणि करणारही नाही. पण अधूनमधून मित्रमंडळींना टाको (सारण भरलेली मेक्सिकन मक्याची पोळी) खायला बोलावत असाल आणि बाटलीतला गोडमिट्ट साल्सा, म्हणजे टोमॅटो-मिरचीची चटणी, आता नको झाला असेल, तर या दगडाचा विचार नक्की करा. मी जूनच्या तोंडावर घेतला. तेव्हापासून घरी जितक्या वेळा टाको झाले, तितक्या वेळा तो ओट्यावर आलाच.

मेक्सिकोत साल्सा कुटायला तीन पायांचा ‘मोल्काहेते’ असतो, तो बसाल्टचा, म्हणजे ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचा. आपला सह्याद्री, अंधेरीची गिल्बर्ट टेकडी आणि आजीचा पाटा-वरवंटा हेही सगळं बसाल्टच. मग बाहेरून आलेल्या मोल्काहेतेसाठी चौपट पैसे कशाला मोजायचे? फरक एवढाच, की त्यांच्या दगडाला मुळातच बारीक छिद्रं असतात आणि आपल्या खलाला टाकीने, म्हणजे पाथरवटाच्या छिन्नीने, खडबडीत करावं लागतं. टोमॅटोला तो फरक कळत नाही.

पहिला खल ऑनलाइन मागवला होता. तो काठाचा टवका उडालेला आला, आणि परत घ्यायला विक्रेत्याने इतके दिवस लावले की शेवटी दगडी भांड्यांच्या दुकानात जाऊन हाताने पारखूनच आणला. बघायच्या गोष्टी दोनच. तोंड किमान आठ इंच हवं आणि पोट खोल हवं. औषधं कुटायच्या छोट्या खलात टोमॅटो घातला तर तो खलात कमी आणि अंगावर जास्त येतो. दुसरं म्हणजे, पांढरा संगमरवरी खल कितीही देखणा दिसला तरी घेऊ नका. लिंबाच्या आणि टोमॅटोच्या आंबटपणाने संगमरवर झिजतो, त्याची चकाकी जाते. आणल्यावर खलात मूठमूठ तांदूळ कोरडेच घोटायचे. पहिलं पीठ राखाडी निघतं, ते टाकून द्यायचं आणि पांढरंशुभ्र पीठ निघेपर्यंत घोटत राहायचं. मग जिरं, लसूण आणि जाडं मीठ घालून एकदा कुटायचं. दंड भरून येतात, पण हे टाळलंत तर पाहुण्यांच्या दाताखाली कचकच येईल.

आता साल्सा. लोखंडी तवा चांगला तापवायचा, तेलाचा थेंबही नको. त्यावर लांबट, घट्ट टोमॅटो अख्खेच ठेवायचे, कांद्याची एक जाड चकती, दोन-तीन हिरव्या मिरच्या आणि सालासकट लसूण. साल काढलेला लसूण जळतो आणि सगळा साल्सा कडू होतो. टोमॅटोला काळे डाग पडून ते तव्यावर बसायला लागले, की उतरवायचे. काळी सालं अर्धी काढा, अर्धी राहू द्या. खलात आधी मीठ आणि लसूण, त्याचा लगदा झाला की मिरची, मग कांदा, आणि टोमॅटो सगळ्यात शेवटी, एकेक करून. इथे बत्ता आपटायचा नाही, कडेने दाबत फिरवायचा. वरून बारीक चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर आणि लिंबू. लिंबू आपलं नेहमीचं कागदीच घ्या. मेक्सिकोत टाकोवर पिळतात ते छोटं लिंबू याच जातीचं.

मिक्सरमध्ये हेच जिन्नस घालून बघा. पात्याने हवा मिसळते, रंग फिका गुलाबी होतो, वर फेस येतो आणि बिया चिरडल्या जातात. खलातल्या साल्सात टोमॅटोचे तुकडे तुकड्यांसारखे लागतात आणि मिरची एखाद्याच घासाला झटका देते. आमच्यातला एक कोल्हापूरकर पहिल्यांदा चाखून म्हणाला, “अगं, हा तर ठेचा! टोमॅटो कशाला घालून ठेवलास?” मग वाटी आपल्याकडे ओढून बसला.

लाल साल्सात मात्र खल सपशेल नापास. त्यासाठी लालबागच्या मिरची गल्लीतून ब्याडगी आणते, रंगाला भरपूर आणि तिखटाला बेताची, आणि जोडीला एखाददुसरी संकेश्वरी. देठ आणि बिया काढून तव्यावर जेमतेम अर्धा मिनिट परतायची, मग गरम पाण्यात भिजवायची. भिजलेल्या ब्याडगीचं साल चिवट असतं, दगडावर घोटून घोटून हात गळून जातात तरी ते मोडत नाही. सरळ मिक्सर लावा आणि गाळून घ्या.

ग्वाकामोलेसाठी, म्हणजे ॲव्होकॅडोच्या चटणीसाठी, दगड उत्तम, पण ॲव्होकॅडोच्या भावाचं काय करणार? क्रॉफर्ड मार्केटला किंवा दादरला मिळतात ते बरेचसे टांझानियाहून आलेले, लहान आणि जाड सालाचे. पावसाळ्यात दक्षिणेतले मोठे, हिरव्या सालाचे येतात. ते स्वस्त पडतात पण जरा पाणचट असतात. दोन्ही बाजारात दगडासारखेच टणक. वर्तमानपत्रात एका पिकल्या केळ्यासोबत गुंडाळून ठेवले की दोन-चार दिवसांत देठाजवळ बोट दबतं. कांदा, मिरची, कोथिंबीर, मीठ आधी खलात रगडायचं आणि त्यावर ॲव्होकॅडो नुसता ठेचायचा. पाहुणे आल्या आल्या पहिल्यांदा हाच संपवतात, म्हणून मी हल्ली तो लहान वाटीतच काढते. आणि ॲव्होकॅडो महाग म्हणून मटार कुटून घाला असं कुणी सांगितलं, तर ऐकू नका. मटारची उसळ करा, ती जास्त चांगली लागते.

खलाशी काही संबंध नसलेल्या दोन वाट्यांनी खरी पंगत सावरते. एक म्हणजे आंबट कांदा. लाल कांदा पातळ उभा चिरून चाळणीत घ्यायचा, वर उकळतं पाणी ओतायचं, मग बरणीत अर्धं व्हिनेगर, अर्धं पाणी, मीठ आणि चिमूटभर साखर. अर्ध्या तासात कांदा राणी रंगाचा होतो, कारण त्याच्या जांभळ्या रंगद्रव्याला आंबट लागलं की ते गुलाबी पडतं. मेक्सिकोतल्या युकातानकडे यात आंबट संत्र्याचा रस घालतात. मी व्हिनेगरऐवजी कधी मोसंबी आणि लिंबाचा रस घालते, तो जास्त मऊ लागतो, पण व्हिनेगरच्या कांद्याइतका टिकत नाही. दुसरी वाटी चक्क्याची. श्रीखंडासाठी डेअरीत मिळतो तोच ताजा, बिनसाखरेचा चक्का, थोडं दूध, मीठ आणि लिंबू घालून सरसरीत करायचा. ऑक्टोबरच्या उकाड्यात दही घरी टांगणार असाल तर फ्रिजमध्येच टांगा, बाहेर सकाळपर्यंत आंबूस होतं.

टाकोच्या पोळीबद्दल थोडक्यात. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळतात, त्याने पीठ धरून येतं. आपलं साधं मक्याचं पीठ तसं धरत नाही, थापायला गेलं की कडा फाटतात. मी तांदळाच्या भाकरीसारखी उकड काढते आणि मूठभर कणीक मिसळते. अस्सल होत नाही, पण चवळी किंवा तळलेल्या सुरमईचा तुकडा, वर कोबी आणि हा साल्सा घातल्यावर कुणी तक्रार केलेली नाही.

ज्याचा त्रास झाला तेही सांगते. आमच्या गटात एक जैन मैत्रीण आहे. दगड लसणाचा वास शोषतो, तो धुऊन जात नाही, त्यामुळे तिचं काहीही या खलात करता येत नाही आणि करूही नये. तिच्यासाठी कैरी, काकडी, मिरची, कोथिंबीर आणि लिंबू असं सुरीनेच बारीक चिरते. आता तिची वाटीही सगळ्यांनी पळवायला सुरुवात केली आहे, म्हणून दुप्पट करावी लागते. कैरी नसेल तेव्हा अननस.

साबण लावायचा नाही, दगडात मुरतो. गरम पाणी आणि काथ्याचा ब्रश पुरे. जुलैत धुऊन लगेच ओट्याखालच्या कपाटात ठेवला, तर दोन दिवसांत आत पांढरट बुरशी आली. तेव्हापासून पावसाळाभर रात्री पंख्याखाली उपडा आणि एरवी खिडकीत. वजन बत्त्यासकट सहा किलोच्या आसपास, तेव्हा वरच्या फळीवर ठेवायचा विचार सोडा. कुटताना खाली जुनी चादर चौपदरी घालायची. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा लिफ्टमध्ये विचारलंच, “रविवारी तुमच्याकडे सुतार आला होता का गं?”

थंडीपर्यंत माझ्या खलाचा तळ जरासा गुळगुळीत झाला आहे, लसूण घसरायला लागलाय. पूर्वी पाट्याला टाकी लावायला माणसं दारावर यायची, आमच्याकडे आता कुणी फिरकत नाही. ज्याच्याकडून घेतला तो दुकानदार लावून देतो म्हणाला, पैसेही फार नाहीत, पण खल त्याच्याकडे नेऊन द्यायचा आपणच. तेव्हा घेतानाच दोन गोष्टी विचारून ठेवा: टाकी लावून देता का, आणि दुकान स्टेशनपासून किती लांब आहे.