घरी गाडीला पॉलिश मारायचंय, तर रोटरी घ्यावं का डीए

सांगलीत कारखाने सुरू झाले की पाचट जाळल्याची काजळी उडून गाडीवर बसते, घाईत आपण ती कोरड्या फडक्यानं पुसतो आणि क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, बारीक गोल ओरखडे पडतात, त्यात बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग. हे हातानं घासून जात नाही, मशीनच लागतं, आणि मग प्रश्न येतो की कुठलं, पॅड नुसतं गोल फिरवणारं रोटरी का फिरवता फिरवता सरकवणारं डीए (ड्युअल अ‍ॅक्शन). मी दोन्ही वापरलीत, रोटरी मिरजेच्या मेव्हण्याचं आणि डीए माझं स्वतःचं. चार इंची ग्राइंडरला लोकरीचं पॅड लावून काम भागवायचा विचार असेल तर तो मात्र आधी सोडा, ते ११,००० आरपीएमच्या आसपास फिरतं आणि आपलं काम हजार ते दोन हजारात होतं.

रोटरीला वाईट म्हणायचं नाहीये. स्वस्त पडतं, गॅरेजवाल्या पेंटरच्या हातात अजून तेच दिसतं, आणि कापायला, म्हणजे वरचा थर घासून काढायला, लय ताकदवान. मेव्हण्याच्या जुन्या पांढऱ्या गाडीचं छत उन्हानं इतकं मेलं होतं की हात फिरवला की रंग हाताला लागायचा, तिथं रोटरी, लोकरीचं पॅड आणि जाड कंपाउंड (घासायची खरखरीत पेस्ट) एवढ्यावर बघता बघता चकाकी आली. तेच काम डीएनं करायचं तर हात दुखेपर्यंत बसावं लागलं असतं असं मला वाटतं.

पण माझी गाडी गडद निळी, आणि तिथंच सगळं बदललं. रोटरीनं बॉनेट केलं, पोर्चमधल्या ट्यूबलाइटखाली आरसा दिसत होता, ओरखडे सगळे गेलेले, घरातले पण खूश. सकाळी गाडी उन्हात काढली तर बॉनेटवर पाण्यावरच्या तेलाच्या तवंगासारखे पट्टे, आपण एक पाऊल सरकलो की तेही सरकतात. यालाच होलोग्राम म्हणतात. रोटरी एकाच आसावर फिरतं, हात जरा जरी कलला तरी पॅडची एकच कड जास्त घासते आणि सगळे बारीक चरे एका दिशेनं पडतात, म्हणून ऊन त्यावरून असं पट्ट्यापट्ट्यानं उठतं. पांढऱ्या गाडीवर हे जवळपास दिसतच नाही, मेव्हण्याला कधी दिसलं नाही ते त्यामुळंच. बरं, पॉलिशमधलं तेल चऱ्यांत भरून बसतं म्हणून काम चालू असताना कळतही नाही, दोन-चार वेळा धुतली की मग खरं रूप बाहेर येतं. (तेवढ्यासाठी आयपीएमध्ये, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये, पाणी मिसळून पॅनल पुसून बघायची सवय लावा, मशीन कुठलंही असो.) आणि हे पट्टे घालवायचे कशानं, तर मऊ फोम पॅड, बारीक पॉलिश आणि डीए! म्हणजे पहिल्या मशीनचं काम निस्तरायला दुसरं मशीन घ्यायचं. मुरलेला हात असेल तर रोटरीनं पण होलोग्राम न सोडता फिनिश येतं, मी तसं काम बघितलंय, पण तो हात रोज गाड्या करून येतो, वर्षातून एकदा दिवाळीच्या आधी आपलीच गाडी करणाऱ्याला तो कुठून येणार.

डीएमध्ये पॅड गोल फिरता फिरता स्वतःच्या मध्यापासून सरकत पण राहतं, त्यामुळं चऱ्यांना एक दिशाच मिळत नाही. उष्णता पण कमी होते, आणि हा मुद्दा घरी करणाऱ्यासाठी मोठा आहे, कारण क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, कडेला त्याहून पातळ, आणि बंपर प्लास्टिकचा असल्यानं तिथं उष्णता पसरत नाही, रोटरी जरा एका जागी थांबलं की रंग गेलाच समजा. डीएवर फोन आला म्हणून लक्ष हललं तरी सहसा निभावून जातं.

त्रास डीएचा पण आहेच. हाताला मुंग्या येतात, वेळ जास्त जातो, आणि दाराच्या खालच्या वळणावर किंवा आरशाजवळ जरा दाबलं की पॅड फिरायचंच थांबतं, नुसतं थरथरतं, आणि आपल्याला वाटतं काम चाललंय. बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड जिला चिकटतं त्या चकतीच्या, कडेला मार्करनं एक रेघ मारून ठेवा, रेघ फिरताना दिसली पाहिजे, थांबली की दाब कमी करायचा. खोल ओरखडा, नखाला लागणारा, तो डीएनं जाणार नाही, आणि खरं सांगायचं तर तो रोटरीनं पण घालवू नये, तेवढा कोट उरलेला नसतो.

किमतीचं म्हणाल तर बरं डीए रोटरीपेक्षा चांगलंच महाग पडतं. इटलीच्या रुपेसचं नाव सगळे घेतात, मशीन उत्तम आहे, पण एका गाडीसाठी तेवढे पैसे घालायची गरज मला तरी वाटत नाही, वाचलेले पैसे पॅडवर घाला. तुमची गाडी जुनी, पांढरी आणि रंग पार मेलेला असेल तर रोटरीचा विचार जरूर करा, शक्यतो कुणाचं तरी मागून आणा. काळी, निळी, लाल, चॉकलेटी असेल तर मी डीएच म्हणेन.

घेताना प्लेट पाच इंचाची बघा, सहा इंची आपल्याकडच्या छोट्या गाड्यांच्या बंपरवर आणि खांबांवर नीट बसत नाही. फोम पॅड तीन-चार तरी ठेवा, एक कंपाउंडनं भरलं की बदलायचं, भरलेलं पॅड कापत नाही, नुसतं तापतं. आणि एप्रिल-मेमध्ये करणार असाल तर पहाटे सुरू करा, पत्रा तापला की कंपाउंड पसरायच्या आधीच वाळतं, मग मशीन कुठलं का असेना.