नागपूरचं ऊन: दुपट्टा की सनस्क्रीन?

मे महिन्यात भरदुपारी सीताबर्डीच्या व्हेरायटी चौकात सिग्नलला उभं राहा. पारा ४५ च्या घरात आणि दुचाक्यांवर नुसते डोळे. बाकी तोंड दुपट्ट्यात. लू लागू नये म्हणून दुपट्टा हवाच, पण ऊन अडवण्यात सगळे दुपट्टे सारखे नसतात. उजेडाकडे धरून बघा. आरपार दिसलं, तर अतिनील किरणंही आरपार. पांढरं विरळ सुती कापड घामानं भिजलं की आणखीच कुचकामी. गडद, घट्ट विणीचं घ्या.

सनस्क्रीनचं गणित वेगळं. एसपीएफ (ट्यूबवरचा संरक्षणाचा आकडा) ३० चं साधारण ९७ टक्के यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणारी अतिनील किरणं, अडवतं, ५० चं ९८. एवढ्यासाठी जास्त पैसे मोजण्यात राम नाही. खरी गोची मात्रेत आहे. चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून लागतं, आपण लावतो वाटाण्याएवढं! वर दर दोन तासांनी पुन्हा. घामेजल्या तोंडावर, रस्त्यात कोण लावतं? मी तर नाही.

म्हणून गाडीवर माझा कौल दुपट्ट्याला. फक्त डोळ्यांभोवतीची उघडी पट्टी आणि हँडलवरच्या हातांची पाठ, तिथं सनस्क्रीनच.