हुरडा कुणी पेवात घालतं का?

सोलापुरातली गड्ड्याची यात्रा संपल्यावरच्या रविवारी होटगीच्या बाजूला मेव्हण्यांच्या शेतात हुरड्याला गेलो, तेव्हा बर्फाच्या डब्यातून दोन बाटल्या नेल्या होत्या. दोन्ही मोस्कातो दास्ती, म्हणजे इटलीची गोड, हलकी फेसाळ वाइन, दोन्ही एकाच कंपनीच्या, दोन्हींवर साल २०२२. एक अडीच वर्षं घरच्या फ्रिजमध्ये आडवी पडून होती, दुसरी आमच्या जुन्या वाड्याच्या तळघरात. परमिट आहे, काळजी नको.

आमचा धंदा चादरी-टॉवेलचा. जून २०२३ मध्ये मिलानला कापड यंत्रांचं प्रदर्शन होतं, म्हणून भागीदारासोबत गेलो होतो. प्रदर्शन आटोपल्यावर यंत्राच्या एजंटने एक दिवस कानेल्लीला नेलं. हे गाव इटलीच्या पिएमोंते प्रांतात, आस्ती जिल्ह्यात. गावाच्या पोटात मऊ खडक कोरून केलेली तळघरं आहेत, एवढी उंच की त्यांना जमिनीखालची कॅथेड्रलं म्हणतात. २०१४ मध्ये युनेस्कोने त्या भागातल्या द्राक्षमळ्यांसोबत त्यांनाही जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. बाहेर ऊन आणि आत अंगावर काटा. मला लगेच आमचं तळघर आठवलं. वडील तिथे सुताची कोनं ठेवायचे आणि उन्हाळ्यात भिंतीला ओली पोती टांगायचे, कारण सूत कोरडं पडलं की मागावर तटातट तुटतं. म्हटलं, आपल्याकडे तयार सेलर आहे की!

माझी पहिली चूक तिथेच झाली. ती तळघरं मुख्यत्वे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून वर्षानुवर्षं ठेवायच्या फेसाळ वाइनसाठी. मोस्कातोचा कारखाना वेगळाच, स्टीलच्या बंद टाक्यांचा. मोस्कातो ब्यांको द्राक्षाचा रस काढून गोठणबिंदूच्या आसपास थंड ठेवतात, टाकीत आंबवतात आणि अल्कोहोल पाचेक टक्क्यांवर आलं की पुन्हा गारठवून, गाळून यीस्ट काढून टाकतात. साखर निम्म्याहून जास्त तशीच राहते, लिटरला शंभर ग्रॅमच्या वर. (माझ्या डॉक्टरांनी हे वाचू नये.) दाब जास्तीत जास्त अडीच बार, म्हणजे मोटारसायकलच्या चाकात भरतो साधारण तेवढाच. म्हणून बूच साधं सरळ, शॅम्पेनसारखं तारेने जखडलेलं नाही. बरेच वाइनवाले तर थंड रस साठवून ठेवतात आणि मागणी येईल तसा वर्षभर थोडा थोडा आंबवतात, का तर माल ताजा जावा. जो माणूस आपला माल ताजा विकायला एवढी धडपड करतो, त्याचा माल आपण तळघरात पुरायचा, याला काय म्हणावं?

साडेनऊ युरोला एक अशा चार घेतल्या. माणशी दोन लिटर आणता येतात. भागीदार पीत नाही, त्याच्या वाट्याच्या दोनही माझ्याच.

पहिली जुलैत, पावसाची सर आली त्या संध्याकाळी उघडली. तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. रंग फिका, किंचित हिरवट. ग्लास नाकाशी नेला तर संत्र्याची साल, मोगरा, पिकलं पीच आणि मागून हलकासा धण्याचा वास. धणे हा माझ्या मनाचा खेळ नव्हे. या द्राक्षात लिनालूल नावाचं जे सुगंधी द्रव्य असतं, तेच धण्याच्या तेलातलं मुख्य द्रव्य. गोड म्हणावी तर जिभेवर बारीक बुडबुडे आणि आंबटपणा दोन्ही बाजूंनी तिला उचलून धरतात. सोबत कडक भाकरी आणि आपली लालभडक शेंगाचटणी. तिखटावर गार गोडी अशी बसली की आमची ही, जी वाइनचं नाव काढलं की नाक मुरडते, तिनेच ग्लास पुढे केला.

दुसरी कपाटात राहिली, ती हलगर्जीपणाने. पुढच्या मे महिन्यात, बाहेर ४३ अंश असताना, कपाट उघडलं तर चादरींच्या घडीवर चिकट डाग. आतल्या वायूने बूच अर्धा बोट वर ढकललं होतं. उरलेली चाखली, चक्क काकवी. डाग आजही आहे.

आता हुरड्याच्या दिवसाकडे येतो. फ्रिजवाली आधी उघडली. बूच निघताना आवाज झाला, पण दबका. रंग सोन्यासारखा, बुडबुडे मोजके, वासात मोगरा गायब. त्या जागी मध आणि सुकं जर्दाळू. वाईट म्हणणार नाही, दोघांनी दुसऱ्यांदा मागितली. तळघरवालीचं काय झालं ते मेव्हण्यांच्या गड्याने एका वाक्यात सांगितलं: "मालक, सरबत लई गोड झालंय वो." फेस नाही, रंग गडद पिवळा, शिजवलेलं सफरचंद आणि वाळल्या ओव्याच्या पानासारखं काहीतरी. आमचं तळघर वैशाखातही २७ अंशांच्या वर जात नाही याचा मला अभिमान होता. पण वाइनला हवेत १०-१२.

गंमत अशी की साखर ताजी, फ्रिजवाली आणि तळघरवाली या तिन्ही बाटल्यांत तेवढीच. कमी झाला तो सुगंध आणि गेला तो वायू, त्यामुळे गोडी उघडी पडली. लिनालूल आंबट द्रवात हळूहळू रूप बदलतं, नवं रूप मंद वासाचं, आणि ऊब मिळाली की हा बदल पळत सुटतो. वाइनला म्हातारपणी ज्याचा आधार, ते अल्कोहोल इथे पाच टक्के. द्राक्षाच्या सालीतला तुरटपणा, म्हणजे टॅनिन, तर जवळजवळ नाहीच.

शेतातच बसलो होतो म्हणून सुचलं असेल. कोवळा हुरडा भाजला की चार दिवसांचा सोहळा. तीच ज्वारी पक्की झाली की जमिनीखालच्या पेवात वर्षभर टिकते. पक्कं दाणं पेवासाठी, हुरडा तोंडासाठी. पिएमोंतेतही काही जण निवडक मळ्यांची मोस्कातो मुद्दाम काही वर्षं थंडाव्यात ठेवून विकतात, मध आणि सेजच्या पाल्याचा वास आवडणाऱ्यांसाठी. तो शौक वेगळा, तो माल वेगळा.

तेव्हा ताज्या बाटलीला पाचपैकी साडेचार, फ्रिजवालीला तीन, तळघरवालीला दीड आणि कपाटवालीबद्दल न बोललेलं बरं. विकत घेताना लेबलवरचं साल बघा. दुकानदार जुनी बाटली "मुरलेली" म्हणून गळ्यात मारायला लागला तर हसून पुढचं कपाट विचारा. मिलानला असलेला पुतण्या मार्चमध्ये येतोय, त्याला तेच कळवलंय: नवी आण, दोनच आण. फ्रिजमधली ती आडवी जागा मात्र आता परत मिळेलसं वाटत नाही. अडीच वर्षांचा राग काढून आमच्या हिने तिथे इडलीच्या पिठाचं पातेलं बसवलंय.