टॅमनी घ्यावा की अंकल सॅम?

अमेरिकेत जुन्या वस्तूंच्या बाजारात बिडाचे यांत्रिक गल्ले, म्हणजे नाणं टाकलं की हालचाल करणाऱ्या बचतपेट्या, पाहताना ही दोन नावं हमखास समोर येतात. एकच घ्यायचा असेल, तर माझं मत टॅमनीला.

टॅमनी हा कनेटिकटमधल्या क्रॉमवेलच्या जे. अँड ई. स्टीव्हन्स कारखान्याचा, पेटंट डिसेंबर 1873 चं. खुर्चीत बसलेला ढेरपोट्या पुढारी. उजव्या हातावर नाणं ठेवलं की त्याच्याच वजनानं हात कलतो, नाणं कोटाच्या खिशात जातं आणि साहेब मान डोलावून आभार मानतात. टॅमनी हॉल या न्यूयॉर्कमधल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या गटाचा माजी म्होरक्या बॉस ट्वीड महिनाभर आधीच पालिकेच्या लुटीच्या प्रकरणात दोषी ठरला होता. म्हणजे पोरांनी बचत शिकायची ती खाबू पुढाऱ्याच्या खिशात पैसे टाकून! चिरीमिरी दिलेल्या कुणालाही ती मान ओळखीची वाटेल.

अंकल सॅम, म्हणजे व्यंगचित्रात माणसाच्या रूपात दिसणारं अमेरिकी सरकार, बफेलोच्या शेपर्ड हार्डवेअरचा, 1886 चा. जवळजवळ दुप्पट उंच, साडेअकरा इंच, आणि दिसायला जास्त रुबाबदार. कळ दाबली की नाणं पायाशी ठेवलेल्या पिशवीत पडतं, दाढी हलते. याला करवसुलीचा टोमणा समजायचा मोह होतो, पण तेव्हा तिथे केंद्रीय प्राप्तिकर नव्हताच. यादवी युद्धाच्या काळातला 1872 मध्ये संपला होता आणि टिकून राहिलेला नवा 1913 मध्ये आला. शिवाय शेपर्डच्या रंगाचे पोपडे लवकर निघतात, त्यामुळे मूळ रंगातला सॅम महाग पडतो.

याच कारखान्यांनी काळ्या माणसांची, चिनी मजुरांची हिणकस सोंगंही ओतली. चिनी पत्तेबाजाचा गल्ला 1882 चा, म्हणजे चिनी मजुरांवर प्रवेशबंदी आली त्याच वर्षीचा. असे गल्ले मिशिगनच्या जिम क्रो या वर्णद्वेषी वस्तूंच्या म्युझियमसारख्या ठिकाणी, सोबत माहितीसह असावेत. दिवाणखान्यात नकोत.

टॅमनी आणि सॅम, दोन्हींच्या नकला भरपूर. मूळ गल्ल्यावरून साचा घेऊन पुन्हा ओतला की बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसतं, म्हणून नकली सॅम तीनेक मिलिमीटर बुटका भरतो. टेप घेऊनच जा. जोडावर नख फिरवा: मूळ कामात फट जेमतेम लागते, नकलेत नख अडकतं आणि पृष्ठभाग खरखरीत असतो. स्टार स्क्रू दिसला तर तो नंतरचा, तेव्हा बाकीचे भागही कसून तपासा. तळ घासलेला दिसला तर भाव विचारूच नका, तिथला नकलेचा शिक्का घासून काढलेला असू शकतो. रंग उडालेला चालेल, नव्यानं रंगवलेला नको.