लघुपटाची पहिली पाऊण मिनिटं: तापी, बिबडे की काळा पडदा?

दहा-बारा मिनिटांच्या विद्यार्थी-लघुपटात सुरुवातीच्या नावांना किती वेळ द्यायचा हे आधी ठरवा, ती कशावर यायची ते नंतर. एका नावाच्या पाटीला तीन सेकंद पुरतात. दोन नावं एकत्र असतील तर चार. सात-आठ पाट्या, वर लघुपटाचं नाव, मागेपुढे थोडी मोकळी जागा, म्हणजे साधारण पंचेचाळीस सेकंद. त्यापुढे गेलात की सभागृहात खिशातले मोबाइल बाहेर येतात. गाडी देणारे काका, डबा पाठवणाऱ्या मावशी यांची नावं शेवटी घ्या, तिथे कितीही जागा आहे.

ही पाऊण मिनिटं भरायचे तीन मार्ग विद्यार्थ्यांच्या आवाक्यात असतात: परिसराची दृश्यं, वस्तूंचे जवळचे शॉट, किंवा काळा पडदा आणि आवाज.

तापीकाठची पहाट

पहिला मोह याचाच होतो. नदीवरचं धुकं, केळीच्या बागा, मागे सातपुडा, वर सावकाश उमटणारी नावं. पडद्यावर हे छानच दिसतं, पण हिशोब मांडून बघा. मेमध्ये जळगावकडे सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो आणि मऊ उजेड जेमतेम पाऊण तास टिकतो. एका जागी तीन शॉट नीट होतात. नदी आणि बाग दोन्ही हवी असतील तर दोन पहाटा लागतात. दोन दिवसांचं आभाळ मात्र एकसारखं नसतं. पहिल्या दिवशी ढग आणि दुसऱ्या दिवशी स्वच्छ निळं असेल, तर रंगदुरुस्तीत ते पूर्ण झाकता येत नाही.

केळीच्या बागेत आणखी एक घोळ होतो. चारी बाजूंच्या पानांतून गाळून येणारा उजेड हिरवा असतो आणि माणसाचा चेहरा कावीळ झाल्यासारखा दिसतो. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा रंगांचा जो तोल ठरवतो तो) स्वयंचलित ठेवला तर तो शॉट चालू असतानाच बदलतो. तो लॉक करा आणि चेहऱ्याच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा पत्रा धरा. दुपारी चित्रीकरण ठेवूच नका. उन्हाळ्यातल्या भुसावळच्या उन्हात फोन दहा-पंधरा मिनिटांत तापून कॅमेरा बंद करू शकतो.

परवानग्याही याच मार्गात जास्त. भुसावळच्या फलाटावरून गाडी सुटताना दाखवायची तर रेल्वेची लेखी परवानगी हवी. ड्रोन उडवायचा असेल तर आधी ड्रोनबंदीचे पट्टे दाखवणारा सरकारी डिजिटल स्कायचा नकाशा उघडा: जळगावला विमानतळ आहे, भुसावळ-वरणगाव पट्ट्यात आयुध निर्माणी आहेत. धुळ्याकडच्यांना लळिंगचा किल्ला सोयीचा वाटतो, पण पायथ्याशी महामार्ग आहे, तिथला आवाज वापरता येईल असं धरून चालू नका.

मोठी अडचण वेगळीच आहे. अशी दृश्यं कोणत्याही गोष्टीच्या आधी लावता येतात, म्हणून ती या गोष्टीबद्दल काहीच सांगत नाहीत. नदी कथेत पुढे येणार असेल तरच हा मार्ग घ्या.

गच्चीवरचे बिबडे

वस्तूंच्या जवळच्या शॉटची परंपरा खान्देशाला परकी नाही. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस टेबलटॉप छायाचित्रांसाठी ओळखले जात: टेबलावर साध्या वस्तू मांडायच्या आणि उजेडाच्या जोरावर त्यांतून अख्खं दृश्य उभं करायचं. विद्यार्थ्यांना परवडेल अशी युक्ती हीच.

समजा कथा घरातल्या आजीची आहे. उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे (शिजवलेल्या पिठाचे पापड) घालतात, तेवढ्यातच सहा शॉट निघतात: पातेल्यातून निघणारी वाफ, पाण्यात बुडवलेली बोटं, ओल्या कापडावर थापला जाणारा गोळा, चिकटलेले तीळ, वाळून वर उचललेली कड, आणि शेवटी मोकळं कापड आणि त्यावर बसायला आलेलं एखादं पाखरू. पाखरू आलं तर आलं.

प्रत्येक शॉट वापरायचा सात-आठ सेकंद, पण घ्यायचा पंधरा. फोन स्टँडवर ठेवा. फोन अगदी जवळ नेला तर अनेक मॉडेलांचा मुख्य कॅमेरा फोकस सोडतो किंवा आपोआप दुसऱ्या, हलक्या लेन्सवर जातो. त्यापेक्षा हातभर लांबून दोनपट झूम करा, बोट दाबून धरून फोकस आणि उजेड दोन्ही लॉक करा. पांढरं कापड उन्हात जळतं, म्हणून उजेडाची पट्टी शून्याखाली, उणे ०.७ ते १ वर आणा. सेकंदाला २५ फ्रेम घेताना शटर १/५० सेकंद हवं, पण उन्हात फोनवर ते एनडी फिल्टरशिवाय (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी गडद काच) जमत नाही. फिल्टर नसेल तर गच्चीवर जुनी साडी ताणून सावली करा. नाहीतर थापणारा हात झटके दिल्यासारखा दिसेल.

चुका होतात त्या क्रमात. बिबडा वाळत जातो, सावली सरकते, म्हणून त्याच बिबड्यावर 'तोच शॉट पुन्हा' ही सोय नाही. वाफेचा शॉट आधी, थापण्याचे तीन पाठोपाठ, कडेचा दुपारी उशिरा. पीठ दुप्पट शिजवायला सांगा आणि थापणाऱ्या काकूंना दर वेळी त्याच हातात तीच बांगडी ठेवायला सांगा. तिघांचं पथक आणि एक दिवस एवढ्यात काम होतं.

काळा पडदा

खर्च सर्वांत कमी, जोखीम सर्वांत जास्त. चित्र नसलं की आवाजातला प्रत्येक दोष उघडा पडतो. पंखा, फ्रीज बंद करा, मोबाइल विमान मोडवर टाका, आवाजाची शिखरं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवा आणि त्याच जागेची नुसती शांतता तीस सेकंद वेगळी नोंदवा. संकलनात सांधे त्यानेच बुजतात.

कपाशीच्या काड्यांवर भरताची वांगी भाजतानाचा तडतडाट, मग लाकडी भांड्यात ठेचल्याचा आवाज. पंचेचाळीस सेकंदांना एवढं भरपूर आहे. संवाद घ्यायचा असेल तर तो नावांच्या मधल्या फटीत ठेवा. 'काय करी ऱ्हायना रे भाऊ?' हे ऐकू येत असताना प्रेक्षक दिग्दर्शकाचं नाव वाचत नाही, आणि वाचलंच तर संवाद हुकतो. सिनेमातलं गाणं उचलून लावू नका. यूट्यूबवर हक्काचा दावा येतो आणि बरेच महोत्सव अशी प्रवेशिका घेत नाहीत.

अक्षरांचा खेळखंडोबा

मार्ग कोणताही घ्या, इथे सगळे अडकतात. इंग्रजी शीर्षकांच्या नकलेत अक्षरांतलं अंतर वाढवलं की देवनागरीची शिरोरेषा तुटते आणि नाव दात पडल्यासारखं दिसतं. एकेक अक्षर उमटवण्याचा तयार इफेक्ट लावला तर वेलांटी आणि व्यंजन वेगवेगळी उमटतात, जोडाक्षरं फुटतात. अख्खा शब्द एकदम उमटवा, बारा फ्रेममध्ये, म्हणजे साधारण अर्ध्या सेकंदात.

प्रीमियर आणि आफ्टर इफेक्ट्स या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग्जमधलं टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन' करावं लागतं. ते करून नवा मजकूर टाइप करा. तरीही बिघडत असेल तर नावं दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून पारदर्शक पार्श्वभूमीचं चित्र (पीएनजी फाइल) म्हणून आणा. फॉन्ट तपासायला 'बऱ्हाटे' आणि 'ऱ्हायना' लिहून बघा. चंद्रकोरीसारखा र बरोबर आला तर बाकीचं बहुतेक येतं. मुक्ता, नोटो सान्स देवनागरी, तिरो देवनागरी मराठी हे फुकट आहेत आणि युनिकोड आहेत, म्हणजे त्यातला मजकूर कोणत्याही संगणकावर तसाच दिसतो. पत्रिका छापणाऱ्याकडून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली नावं आणली तर चिकटवल्यावर निरर्थक चिन्हं दिसतील, ती पुन्हा टाइप करा. आणि नावांचं लेखन त्या त्या माणसाकडून लिहून घ्या.

मग घ्यायचं काय?

पाच जण, दोन मोकळ्या पहाटा आणि गोष्टीत खरोखर नदी असेल तर तापी. दोघंच असाल आणि त्यातल्या एकाला आवाजाचा कान असेल तर काळा पडदा. बाकी सगळ्यांनी गच्ची गाठावी. आमचा कल तिकडेच आहे, कारण तिथे बिघडलेला शॉट दुसऱ्या दिवशी नव्या पिठावर पुन्हा घेता येतो. आभाळ काही पुन्हा तसंच मिळत नाही.

सुरुवात मात्र सगळ्यात शेवटी जोडा, मुख्य भाग कापून झाल्यावर. फोनवरच्या चित्रीकरणात दर सेकंदाच्या फ्रेमची संख्या बहुतेकदा बदलत राहते आणि लांब शॉटमध्ये आवाज ओठांपासून सरकतो, म्हणून संकलनाआधी हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमधून ते स्थिर २५ फ्रेमवर आणा. फाइल व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, पेनड्राइव्हवर द्या. पेनड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर चार जीबीच्या वरची फाइल त्यावर बसत नाही. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सभागृहाच्या प्रोजेक्टरवर पहिलं मिनिट लावून बघा. खिडक्यांतून उजेड येत असेल तर काळा रंग राखाडी होतो आणि बारीक अक्षरं त्यात विरघळतात. तेव्हा फॉन्टचं वजन एक पायरी वाढवून फाइल पुन्हा काढायला तासभर हाताशी ठेवा.