टँक आज, मासे महिन्यानं: कोल्हापुरात राजारामपुरीतलं ॲक्वेरियमचं दुकान

टँक घेतला की लगेच मासे पिशवीत बांधून देणारी दुकानं पैशाला पासरी मिळतील, पण इथले काका देत नाहीत, म्हणाले "आधी पाणी तयार होऊ दे की, मासे कुठं पळून चाललेत?" मग निवांत समजावलं, की घाण आणि उरलेलं खाणं सडून अमोनिया होतो, एका जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट, आणि हे सगळे फिल्टरच्या स्पंजात जम बसवायला साधारण 4 ते 6 आठवडे घेतात, तोवर रिकाम्या टँकमध्ये चिमूटभर खाणं टाकत राहायचं. अमोनिया नि नायट्राइट दोन्ही 0 आल्याशिवाय मासा नाही. नायट्रेट पाणी बदलून कमी करायचं.

वर त्यांच्या चालू टँकमधला जुना स्पंजचा तुकडा फुकट दिला, त्यानं काम लवकर होतं, लई भारी माणूस! स्पंज नळाखाली धुवायचा नाही, क्लोरीननं बॅक्टेरिया मरतात, टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळायचा.

पाणी तपासायचं टेस्ट किट महाग वाटलं, पण स्वस्तातल्या टेस्टच्या पट्ट्यांवर बऱ्याचदा अमोनियाची टेस्टच नसते, म्हणून लिक्विडवालंच घ्या. गाडी लावायला मात्र जागा नाही, चालतच जावा.