जेएसबीसिम: उड्डाण-चाचणीची पूर्वतयारी करणारं फुकटचं, पण कडक साधन

लष्करी विमानाच्या किंवा ड्रोनच्या चाचणीत वेळ खातं ते प्रत्यक्ष उड्डाण. विमान, टेलिमेट्री (उड्डाणातली मोजमापं जमिनीवर पाठवणारी यंत्रणा), मोकळी हवाई हद्द आणि हवामान एकाच दिवशी जुळावं लागतं. म्हणून कोणतं उड्डाण टाळता येईल हे आधी सांगणारं मॉडेल लागतं, आणि त्या कामाला जेएसबीसिम हे विमानाच्या हालचालीचं गणित करणारं मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर उत्तम आहे. अमेरिकी संरक्षण-संशोधन संस्था डार्पाच्या २०२० च्या अल्फाडॉगफाइट या एआय वैमानिकांच्या स्पर्धेतली आभासी एफ-१६ विमानं यावरच उडाली. नासाच्या २०१५ च्या तुलनात्मक तपासणीतही ते इतर सिम्युलेटरांबरोबर पारखलं गेलं. अर्थात त्यात पारखली गेली ती गतीची समीकरणं. तुमच्या विमानाचे आकडे तुम्हालाच पारखावे लागतात.

विमान एक्सएमएल फाइलमध्ये लिहायचं: वस्तुमान, इंजिन, नियंत्रण, वायुगतिकी. खरी डोकेदुखी इथेच. मोजमापाच्या चौकटीत एक्स अक्ष शेपटीकडे धन, तर बलांच्या चौकटीत नाकाकडे. विंड टनेलमधला पिचिंग मोमेंट (नाक वर-खाली फिरवणारा जोर) ज्या बिंदूभोवती मोजला, तोच वायुगतिकी संदर्भबिंदू म्हणून दिला नाही तर स्थैर्य चुकीचं दिसतं. टेबल अंशांत आणि इनपुट रेडियनमध्ये असेल तर एकही एरर येत नाही. शून्याजवळचीच ओळ वाचली जाते. टेबल संपलं की शेवटचा आकडा मुकाट्याने पुढे चालू राहतो, त्यामुळे स्टॉलनंतरचं (पंखांची उचल कोसळल्यानंतरचं) विमान कागदावर फारच गुणी वाटतं. आपोआप फाइल बनवून देणारं एअरोमॅटिक सुरुवातीपुरतं ठीक. त्याचे गुणांक अंदाजाचे असतात.

वापरायची पद्धत अशी: त्या दिवशीचं वजन आणि गुरुत्वकेंद्र भरा, ट्रिम करा (विमान स्थिर उड्डाणात समतोल करा), एलिव्हेटरला डबलेट द्या (आधी एका, लगेच उलट्या दिशेला झटका), आलेख काढा. मॉडेल आणि उड्डाणात किती फरक चालेल हे उड्डाणाआधीच लिहून ठेवा, नंतर ठरवलं तर तो हमखास सैल होतो. उतरल्यावर टेलिमेट्रीतल्या नियंत्रण-पृष्ठभागांच्या नोंदलेल्या हालचाली मॉडेलला द्या; स्टिकच्या नकोत, नाहीतर अ‍ॅक्च्युएटरची (पृष्ठभाग हलवणाऱ्या यंत्रणेची) चूक वायुगतिकीच्या माथी बसते. पिच रेट (नाक वर-खाली फिरण्याचा वेग) जुळतो पण अल्फा (हवेशी पंखाचा कोन) मागे पडतो? गुणांकांना हात लावण्याआधी अल्फा मोजणाऱ्या व्हेनची जागा आणि सेन्सरचा विलंब तपासा. मॉडेल आणि उड्डाण लागोपाठच्या चाचणी-बिंदूंवर (ठरावीक वेग-उंचीवर) जुळले, तर त्यांच्या मधले बिंदू गाळता येतात. वेळ वाचतो तो इथे.

फ्लटर (हवेमुळे पंखांचं वाढत जाणारं थरथरणं) किंवा शस्त्र सुटण्याच्या चाचण्या मात्र यावरून गाळू नका. इथे विमानाचा सांगाडा ताठ धरलेला असतो, पंख वाकतच नाहीत. गणनेचा मूळचा १२० हर्ट्झचा वेग (सेकंदाला १२० स्टेप) वेगवान अ‍ॅक्च्युएटरला अपुरा पडू शकतो. तेव्हा स्टेप निम्मी करून उत्तर बदलतं का ते पाहा.

दस्तऐवज अपुरे आहेत, प्रॉपर्टीची (मॉडेलमधल्या चलांची) नावं अनेकदा सोर्स कोडमध्येच शोधावी लागतात. पायथनमधून चालवणं मात्र सोपं, आणि फाइल साधा मजकूर असल्याने प्रत्येक उड्डाणामागे मॉडेलची नेमकी आवृत्ती गिटमध्ये (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात) जपता येते.